दाराशी आलेलं लाकूड

घराला कुलूप लावून मी ते ओढून पाहिलं, जिना उतरले, आणि पुन्हा वर जाऊन ओढून पाहिलं. श्रीरामपूरला आमच्या गल्लीत माझ्या या सवयीची भरपूर टिंगल होते. हे गेल्यापासून मी एकटी राहते. दार वाजलं की मी आधी आतून "कोण?" विचारते, मग भोकातून बघते, मग साखळी न काढता फटीतून बोलते. इस्त्रीवाला इतकी वर्षं येतो, पण माझ्या बैठकीच्या खोलीचा रंग कुठला हे त्या बिचाऱ्याला अजून माहीत नाही. अशी ही बाई बदलापूरला निघाली होती, आणि तेही अशा कामासाठी, ज्यात "कोण?" विचारायलाच बंदी आहे.

बोलावणं माझ्या मावसबहिणीचं, शांताचं होतं. आम्ही बरोबरीच्या, एकाच पाळण्यात झोपलेल्या. तिचा फोन आला तेव्हा तिनं इकडचं तिकडचं काही विचारलं नाही.

"सुलू, यंदा माझ्याकडे लाकूड येणार आहे."

लाकूड म्हणजे वधस्तंभ. आमच्या नगरकडून काही ख्रिस्ती कुटुंबं फार पूर्वी कारखान्यांच्या नोकऱ्यांसाठी उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापुरात येऊन राहिली. त्यांनी रेल्वेच्या टाकून दिलेल्या लाकडी स्लीपरमधून एक वधस्तंभ बनवून घेतला. एवढा मोठा शब्द रोजच्या तोंडी बसेना, म्हणून त्याला नुसतं लाकूड म्हणायला लागले. उपवासकाळात (ईस्टरच्या आधीचे दिवस) हे लाकूड घरोघर फिरतं. एका घरी एक रात्र. दुसऱ्या दिवशी त्या घरातल्यानं ते खांद्यावर घेऊन पायी पुढच्या घरी पोचवायचं. वाटेत बोलायचं नाही. दार वाजवायचं, पण नाव सांगायचं नाही. आतल्यानं "कोण?" विचारायचं नाही, सरळ उघडायचं आणि जो कोणी घेऊन आला असेल त्याला आपल्या हातानं वाढायचं. पहिला घास खाल्ल्यावर आणणाऱ्याचं तोंड मोकळं होतं. घरांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो, आणि एकदा ठरला की बदलत नाही.

आमच्या श्रीरामपूरच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वधस्तंभ भिंतीवर असतो. वर्षातून एकदा स्टुलावर चढून आम्ही त्याची धूळ पुसतो. त्यामुळे मला या फिरत्या लाकडाची लहानपणापासून थोडी भीतीच वाटत आली.

"बरं झालं की," मी शांताला म्हटलं. "कुणाकडून येतंय?"

"फिलीपकडून."

शांताचा एकुलता एक मुलगा नितीन उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये राहत्या घराचा स्लॅब कोसळून गेला. फिलीप त्याच इमारतीत राहायचा आणि सोसायटीचं सगळं बघायचा. खोल्या खाली करा अशी नोटीस लागली होती, तेव्हा "दुरुस्ती करून घेऊ, कुणी जायची गरज नाही," असं सगळ्यांना समजावणारा तोच. शांता त्या वेळी कामावर होती, नितीन घरी शिलाई मशिनीवर बसला होता. त्या दिवसापासून तिनं फिलीपला आपल्यासमोर उभं राहू दिलेलं नाही. तो मातीला आला तेव्हाही तिनं त्याला फाटकातून परत पाठवला.

"मी दार उघडणार नाही," शांता म्हणाली. "पण तू ये."

"उघडायचंच नाही तर मी येऊन काय करू?"

"त्याच्याबरोबर चालत ये. कुठवर आला ते मला फोनवर सांगत राहा. मला नुसतं बसून वाट बघवणार नाही." थोड्या वेळानं ती म्हणाली, "आणि आधी कॅम्पात जाऊन माझी खोली बघून ये. पाडायला काढलीय म्हणतात. मला जाववत नाही."

दार उघडलं नाही तर काय होतं ते आम्हा दोघींना ठाऊक होतं. लाकूड आल्या वाटेनं परत जातं, त्या वर्षीची फेरी तिथेच संपते, आणि त्या घराची चिठ्ठी पुन्हा कधी टाकत नाहीत. शांताला त्या मंडळींखेरीज आता कुणी उरलं नव्हतं.

माळशेज घाट उतरून एसटीनं कल्याण गाठलं आणि तिथून शेअर रिक्षा बदलत मी कॅम्प तीनला पोचले. ऊन मी म्हणत होतं. गल्लीत दोन्ही बाजूंना जीन्सचे कारखाने. कारखाने म्हणजे एकेक खोली आणि त्यात दाटीवाटीनं बसवलेल्या शिलाई मशिनी. त्यांचा आवाज जमिनीतून वर येत असल्यासारखा तळपायाला जाणवतो. गटारातलं पाणी गडद निळं होतं.

शांताची इमारत शोधावी लागली नाही. तिचा पुढचा अर्धा भाग पाडून झाला होता आणि उरलेला उघडा पडला होता. वरच्या मजल्यांवर कुणाच्या स्वयंपाकघराच्या फरश्या, कुणाची फळी, एक खुंटी आणि खुंटीला अडकलेली पिशवी दिसत होती. तिसऱ्या मजल्यावर शांताची खोली. खोली म्हणजे आता फक्त मागची भिंत, आणि त्या भिंतीत बंद दार. पलीकडे जिना आणि अलीकडे काही नाही, नुसती हवा. निळ्या रंगाचं ते दार मी ओळखलं. नितीननं हट्टानं तो रंग लावला होता.

"मावशी, मागे व्हा, वरून पडतं काय काय," समोरच्या ओट्यावरून एक बाई म्हणाली. ती जीन्सचे सुटे धागे कात्रीनं कापत बसली होती. शेजारी पँटींचा ढीग होता.

"एवढं पाडलं, मग हे का ठेवलंय?" मी विचारलं.

"लेबर येत नाय. सेठनं दोनदा माणसं आणली, दुपारी जेवायला बसली ती परत चढलीच नाय." तिनं कात्री न थांबवता वर हनुवटी उडवली. "दरवाजा वाजतो ना तो."

"वाऱ्यानं वाजत असेल."

"वाऱ्यानंच वाजतो. आम्ही पण तेच बोलतो." तिनं पँट उलटी केली. "पण असा वाजतो ना, का कोणी आतून वाजवतंय."

शेजारच्या दुकानातले सिंधी गृहस्थ गल्ल्यावरून बोलले, "माई, ऐसा कुछ नहीं है. धूप में बैठके इन लोगों का दिमाग गरम होता है. लो, पानी पिओ." त्यांनी बाटली पुढे केली. पण बोलताना ते त्या दाराकडे पाठ करून बसले होते, हे मला दिसलं.

मी पाणी पीत उभी होते तेव्हा गल्लीतली वीज गेली. सगळ्या मशिनी एकदम थांबल्या. आणि त्या शांततेत वरचं दार वाजलं. ठक, ठक. थोडं थांबून पुन्हा ठक. मी चांगली शहाणीसुरती बाई आहे, पण झाकण न लावताच मी बाटली गल्ल्यावर ठेवून दिली. धागे कापणाऱ्या बाईनं कात्री खाली ठेवली होती. मग वीज आली, मशिनी सुरू झाल्या आणि तिनं पुन्हा कात्री उचलली.

मुक्कामाला विठ्ठलवाडीला दिराच्या मुलीकडे गेले. तिनं सकाळी कॅम्पातून दाल-पकवान (कुरकुरीत तळलेली पुरी आणि घट्ट चणाडाळ) मागवलं. चव अजून जिभेवर आहे, पण निम्मं पानात टाकून मी उठले. शांताचा फोन आला होता. "खोली बघितलीस?" "बघितली." "काही राहिलंय?" "दार राहिलंय," मी म्हटलं. वाजतं हे सांगितलं नाही.

अंबरनाथला रिक्षानं गेले. जुन्या शिवमंदिरावरून जाताना रिक्षावाल्यानं हात जोडले. खालून वाहणाऱ्या ओढ्याचा वास मंदिराच्या काळ्या दगडापर्यंत चढलेला होता. फिलीपचं घर बंद पडलेल्या एका कारखान्याच्या जुन्या चाळीत आहे. दार उघडंच होतं. त्याची बायको लीला बाहेर आली आणि तिनं ओठांवर बोट ठेवलं.

आत पलंगावर कुणीतरी डोक्यापर्यंत पांढरी चादर ओढून निजलेलं दिसलं. माझे पाय उंबऱ्यातच थबकले. मग लक्षात आलं, ते लाकूड होतं. इथली रीतच तशी. रात्री लाकूड पलंगावर आणि घरचे खाली जमिनीवर. चादरीखाली आडव्या तुळईचे उंचवटे खांद्यांसारखे दिसत होते. डांबराचा जुना वास खोलीभर भरला होता.

फिलीप कोपऱ्यात उभा होता. साठी ओलांडलेला, वाळलेला, इस्त्रीच्या शर्टातला माणूस. मी त्याला पूर्वी पाहिलं होतं ते एका लग्नात पंगतीत आग्रह करताना, खळखळून हसताना. आता त्यानं मला पाहून मान लववली, बस. त्याचं मौन पहाटेपासूनच सुरू झालं होतं.

लीलानं मला बाजूला घेतलं. "ताई, ती नाय उघडणार, मला माहीते. ह्यांना पण माहीते."

"मग जातात कशाला?"

"तेच विचारलं मी काल. म्हणले, मी नाय गेलो तर तिला उघडायचं का नाय ते ठरवायलाच मिळणार नाय." तिनं पदरानं नाक पुसलं. "नाय उघडलं तर ह्यांना एकटं सोडू नका. घरी घेऊन या. एवढं करा."

फिलीपनं लाकूड चादरीसकट उचलून खांद्यावर घेतलं आणि आम्ही निघालो.

बदलापूरच्या रस्त्यानं दुपारच्या उन्हात दोन माणसं चालत आहेत, एकाच्या खांद्यावर पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी लांब आहे, आणि कुणी कुणाशी बोलत नाही. हे दृश्य लोकांना कसं दिसत असेल याचा विचार मी घरी केला नव्हता. समोरून येणारे मोटारसायकलवाले वेग कमी करायचे. एका हॉटेलबाहेर बसलेली माणसं आम्ही जवळ येताच बोलायची थांबली आणि त्यातला एक उभा राहिला, जसं कुणाची अंत्ययात्रा जाताना उभं राहतात तसा. औद्योगिक भागाशी आलो तेव्हा नाकाला झोंबणारा कसलातरी गोडसर वास सुटला. शनिवार, कारखान्यांचा कामाचा दिवस असूनही रस्त्याला चिटपाखरू नव्हतं. आमच्या चपलांचा आवाज कारखान्याच्या लांबलचक भिंतीवर आपटून परत येत होता.

निदान मी स्वतःला तसंच सांगितलं. कारण आवाज दोन माणसांचा नव्हता. फिलीप थांबला की मी थांबायची, आणि आम्ही थांबल्यावरही मागे एक पाऊल पडायचं. मी वळून पाहिलं, तर मागे तापलेला रस्ता आणि वर उठणारी झळ. फिलीप वळला नाही. पण तोही मान किंचित कलती करून ऐकत होता.

फोन वाजला. शांता.

"कुठवर आला?"

"कारखान्यांच्या भिंतीशी."

"थकलाय?"

"घामानं भिजलाय."

"भिजू दे," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

पुढे एका झाडाखाली उसाच्या रसाची गाडी होती. फिलीपनं लाकूड बुंध्याला टेकवून उभं केलं आणि तो खाली बसला. मी दोन ग्लास सांगितले. गाडीवरच्या बाईनं तीन भरून आणले.

"दोनच सांगितले होते," मी म्हटलं.

"आणि त्या बाबाला?" तिनं झाडाकडे बघितलं, मग नीट बघितलं आणि हसली. "आयला, मला वाटलं मानूस उभाय." तिसरा ग्लास मात्र तिनं परत नेला नाही. "ऱ्हाऊ द्या. भरलाय तर कोनी पिईल." आम्ही उठलो तेव्हा तो ग्लास बाकावर रिकामा होता. माशा हाकलण्याच्या नादात मी बघितलं नाही. कदाचित फिलीपनंच प्यायला असेल. त्याला विचारण्याची सोय नव्हती.

फोन. "कुठवर आला?"

"रसाच्या गाडीशी."

"पोटात काही गेलंय का त्याच्या?"

"रस."

"सकाळपासून?"

"पहाटेपासून उपाशी आहे म्हणे."

या वेळी तिनं फोन लगेच ठेवला नाही. पाठीमागे कुकरची शिट्टी ऐकू आली. शांतानं स्वयंपाक चढवला होता. मला इतका आनंद झाला की मी जवळजवळ फिलीपला सांगणार होते. पण तिचं म्हणणं मला माहीत होतं. स्वयंपाक तर मी रोजच करते, असं ती म्हणाली असती.

उड्डाणपुलावरून आम्ही पश्चिमेला उतरलो आणि सोनिवलीच्या वाटेला लागलो. एका बाजूला जुनी कौलारू घरं, भाताची रिकामी खाचरं, अंगणात वाळत घातलेल्या मिरच्या. दुसऱ्या बाजूला एकदम आभाळात गेलेल्या नव्या इमारती. त्यातल्या निम्म्या खिडक्यांना अजून पडदे नाहीत. लोकांनी घरं घेऊन ठेवलीत, राहायला कुणी आलेलं नाही. वारा त्या रिकाम्या खोल्यांतून शिरून बाहेर पडतो तेव्हा एक लांब हुंकार येतो. शेतातून गुरं घेऊन येणारा एक म्हातारा आम्हाला बघून वाटेच्या कडेला उभा राहिला. "जाऊं द्या, जाऊं द्या पयले," तो म्हणाला. आम्ही दोघं पुढे गेलो. तो तरीही उभाच होता. आणखी कुणीतरी जायचं बाकी असल्यासारखा थांबून राहिला, आणि मगच त्यानं गुरं हाकली.

शांताच्या इमारतीच्या फाटकाशी वॉचमननं आम्हाला अडवलं. तरुण होता, उत्तरेकडचा. लाकडाकडे बघून त्यानं टोपी काढली आणि वर फोन लावला.

"मॅडम, आपके यहाँ लोग आये हैं. तीन जन."

"दो," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं, आणि फाटक उघडलं. लाकूड तर या वेळी फिलीपच्या खांद्यावर आडवं होतं. माणूस समजायला ते कुठे उभं होतं? मी पुन्हा मागे वळले नाही. भीत होते, सरळच सांगते.

लाकूड वाहनातून नेत नाहीत, आणि लिफ्ट हे वाहनच, असं मंडळीत फार पूर्वी ठरलंय. म्हणून जिना. प्रत्येक मजल्यावर बंद दारं, त्यांवरचं प्लॅस्टिकही न काढलेलं. फिलीपचा श्वास आवाज करू लागला होता. मी लाकडाच्या मागच्या टोकाला हात लावायला गेले, तर त्यानं मानेनं नको म्हटलं. शांताच्या दाराशी पोचल्यावर त्यानं लाकूड उभं धरलं, चादर नीट केली आणि दार वाजवलं.

ठक, ठक. थोडं थांबून पुन्हा ठक.

मला कॅम्पातलं ते दार आठवलं आणि मी भिंतीला हात टेकला. आवाज रिकाम्या जिन्यातून खाली गेला, कुठल्यातरी मजल्यावर आपटला आणि परत वर आला. आतून काही नाही. मग दारामागे पावलं आली. भोकातला उजेड गेला. पलीकडे शांता उभी होती, दाराला डोळा लावून, आणि आम्ही अलीकडे. कडी हलली नाही. फिलीपनं पुन्हा वाजवलं नाही. त्याच्या मानेवरून घामाचा ओघळ शर्टात गेला. तो किती वेळ तसा उभा राहू शकेल, हे मला कळेना.

माझा फोन वाजला. एक घंटी माझ्या हातात, आणि फोन लावणारी दाराच्या पलीकडे.

"कुठवर आला?" शांतानं विचारलं. तिचा आवाज मला दोनदा ऐकू आला, कानात आणि लाकडी फळीतून.

"दाराशी," मी म्हटलं.

"वॉचमन म्हणाला तिघं आहेत." तिचा श्वास वाजत होता. "मी खिडकीतून बघत होते. मलाही तिघं दिसली. आता भोकातून दोनच दिसतात. सुलू, तिसरं कोण आहे?"

मी काय सांगणार होते? लाकूड म्हणावं, तर तिनं जे पाहिलं ते लाकूड नव्हतं. कुणी नाही म्हणावं, तर मी स्वतः ती पावलं ऐकली होती. आणि तिच्या आवाजात मला नितीनचं नाव ऐकू येत होतं. त्या नावाची लालूच दाखवून तिच्याकडून दार उघडून घेणं हे माझ्यानं होईना.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "दार उघड आणि बघ."

कडी निघाली.

शांता उंबऱ्यात उभी होती. तिनं आमच्यातून पलीकडे, जिन्याकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. मग तिनं चादरीतल्या लाकडाकडे पाहिलं आणि सगळ्यात शेवटी ते धरून उभ्या असलेल्या माणसाकडे. तिचा चेहरा पडला, मी पाहिलं. ती दार लोटू शकली असती. पण फिलीपचे गुडघे त्याच क्षणी दुमडले, आणि लाकूड पडू नये म्हणून शांतानं पुढे होऊन ते दोन्ही हातांनी धरलं. धरलं म्हणजे घेतलं. रीतीप्रमाणे लाकूड घरात आलं होतं.

जेवण खाली बसून झालं. ज्वारीची भाकरी, डाळ आणि शेवग्याच्या शेंगा. शांता वाढत होती, पण नजर ताटाच्या वर नेत नव्हती. फिलीपनं पहिला घास खाल्ला. आता त्याला बोलता येत होतं, आणि मला वाटलं की तो माफी मागेल आणि ती ताट उधळून देईल.

"शांताबाई," तो म्हणाला. दिवसभर न वापरलेला आवाज खरखरीत लागला. "मी तुमचं दार वाजवलं होतं."

"उघडलं की," ती म्हणाली.

"आजचं नाय. त्या दिवशी." त्यानं घास खाली ठेवला. "प्लास्टर पडायला लागलं तेव्हा मी वर पळालो. सगळ्यांची दारं वाजवली. तुमचं पण. आतनं नितीननं विचारलं, कोण? मी बोललो, फिलीप, बाहेर पड लवकर. आणि पुढच्या दाराला गेलो. तो निघाला का नाय ते मी बघितलं नाय. मशीन चालू होती त्याची. त्याला ऐकू गेलं नसेल."

शांताच्या हातात डाळीचा चमचा तसाच राहिला.

"एवढे दिवस का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"काय सांगू? मी वाजवलं होतं म्हणून? लोकांना राहायला तर मीच सांगितलं होतं ना. तो जीव माझ्याच अंगावर आहे. ते सांगणं म्हणजे मी माझंच अंग काढून घेतोय असं झालं असतं." त्यानं पहिल्यांदा शांताकडे पाहिलं. "पण ते शेवटचं बोलणं तुमचं आहे. माझ्याकडे राहिलं होतं."

बाहेर रिकाम्या घरांतून वारा हुंकार देत होता. शांतानं चमचा पातेल्यात ठेवला.

"कसा होता आवाज?" तिनं विचारलं. "घाबरला होता?"

"नाय. कामात होता. कोणी काम चालू असताना हाक मारली की वैतागून बोलायचा ना, तसं. कोऽण? असं लांबवून."

"लांबवूनच बोलायचा," शांता म्हणाली. तिच्या तोंडावर हसू आलं आणि हसता हसता ती रडायला लागली, मोठ्यानं, लहान मुलासारखी. मी तिला जवळ घेतलं. फिलीप मान खाली घालून बसून होता. बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले आणि त्याच्या ताटात दुसरी भाकरी टाकली.

"तुमच्यासाठी नव्हतं उघडलं मी," ती त्याला म्हणाली.

"माहीते मला," तो म्हणाला आणि जेवायला लागला.

त्या रात्री लाकूड पलंगावर निजलं आणि आम्ही दोघी खाली. फिलीप खालच्या मजल्यावर मंडळीतल्या एकाच्या घरी राहिला. सकाळी शांतानं लाकूड खांद्यावर घेतलं. पुढचं घर बेलवलीला होतं. ती मौनात होती. मला तिनं खुणेनं थांबायला सांगितलं, कारण माझी गाडी होती. मी खिडकीतून खाली बघत राहिले. फाटकाशी फिलीप वाट बघत उभा होता. ती पुढे झाली, तो काही अंतर ठेवून मागून निघाला. वाट खाचरांमधून वळते तिथे दोघं लहान दिसायला लागली. मी त्यांना मोजलं. मग डोळे पुसून पुन्हा मोजायला नको म्हणून खिडकीतून मागे सरले.

श्रीरामपूरला परत आल्यावर मंडळीत मला विचारलं, कसं झालं? मी थोडंफार सांगितलं, पावलांचं सोडून. आम्ही गळ्यात बारीक सोन्याचा क्रूस घालतो, गाणी म्हणतो, तो आपल्यासाठी कुणी उचलला हे पाठ म्हणतो. पण तो वजनदार असतो, त्याला डांबराचा वास येतो, आणि नेमका ज्याचं तोंड बघायचं नाही त्याच माणसाच्या खांद्यावरून तो आपल्या घरी येतो, हे मला सोनिवलीला कळलं. शांताच्या मनात अजून सगळं निवळलेलं नाही. फोनवर ती फिलीपला अजून "तो"च म्हणते. पण कॅम्पातली ती उरलेली भिंत पाडली तेव्हा ती बघायला गेली, आणि तिच्याबरोबर तो आणि लीला होते.

परवा दुपारी माझं दार वाजलं. भर उन्हाची वेळ, गल्ली सुनसान. सवयीनं माझ्या तोंडून गेलं, "कोण?" आणि माझाच आवाज ऐकून माझ्या अंगावर काटा आला. मी कामात होते आणि वैतागून, लांबवून विचारलं होतं. बाहेरून उत्तर यायच्या आत मी धावले, साखळी काढली आणि दार सताड उघडलं.

इस्त्रीवाला होता. फटीची सवय असल्यामुळे तो दचकून एक पायरी खाली गेला.

"आत ये," मी त्याला म्हटलं. "जेवलास का?"